द्रासला गाडी सुरू झाली

केशवापूर, हुबळी
१२ जानेवारी २०२५

आदरणीय यमुनावहिनींना,
कृष्णाचा नमस्कार. मीनाक्षीचाही नमस्कार सांगतो.

आम्ही सुखरूप परत आलो हे संतोषनं फोनवर कळवलंच असेल. खरं तर मी स्वतः अळनावरला यायला हवं होतं. मीनाक्षी रोज म्हणते, "बस पकडा आणि जाऊन या." पण समोर आलो की तुम्ही लगेच चहा ठेवायला उठता, मग मी शेताची चौकशी करतो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येतो. इतकी वर्षं असंच झालं. म्हणून या वेळी लिहायला बसलोय.

इकडे थंडी आहे म्हणतात. सकाळी फिरायला येणारे लोक कानटोपी घालून "यंदा जास्तच हो" म्हणतात. मला हसू येतं. संतोष परवा कुणा पाहुण्यांना घेऊन गोकर्णाला गेलाय. घाटात जपून चालव म्हटलं तर म्हणाला, "काका, जोजिला उतरून आलोय आता."

वहिनी, तो डोंगर मी तरुणपणी पाहिला होता, पण तेव्हा नजर रस्त्यावरून हलवायची सोय नव्हती. या वेळी बाजूच्या सीटवर बसून पाहिला. जोजिला ओलांडला आणि पुढं झाड नाही, पाखरू नाही, नुसता पांढरा बर्फ. नदी गोठलेली, पण कडेला उभं राहिलं की बर्फाखालून पाणी वाहण्याचा आवाज येत होता. संतोष गाडीतून उतरला आणि वाकून मूठभर बर्फ उचलला. मग एवढंच म्हणाला, "इथं अप्पा रोज गाडी चालवायचे?"

रोज चालवायचा. आणि कशी गाडी! आमचा छोटा लष्करी ट्रक पेट्रोलवर चालायचा. संध्याकाळी गाडी उभी केली की रेडिएटरचं पाणी सोडून द्यायचं, नाहीतर रात्रीत गोठून इंजिन फुटायचं. बॅटरी उतरवून खोलीत शेगडीपाशी आणून ठेवायची. सकाळी गरम पाणी ओतायचं, चोक ओढायचा, सेल मारायचा, आणि तो लागला नाही की पुढं जाऊन हॅंडल फिरवायचं. इंजिनाच्या तळाशी तेल डांबरासारखं घट्ट व्हायचं, म्हणून डब्यात चिंध्या पेटवून खाली सरकवायच्या. हातमोजा फाटका असला तर हॅंडलला कातडी चिकटायची. महादेव म्हणायचा, "म्हैस बरी, निदान लाथ मारायच्या आधी शेपूट हलवते."

संतोषच्या गाडीला यातलं काही नाही. पण नव्या गाडीला थंडी लागत नाही असं समजू नका. आमच्याच लॉजवर दिल्लीकडच्या पोरांची तितकीच नवी गाडी होती. तिच्यात खाली मैदानात भरलेलंच डिझेल होतं, ते मेणासारखं गोठलं. ती हलली नाही. आणि अशी गाडी अडली की चिंध्या पेटवून भागत नाही, हात चोळत बसायचं. संतोषनं मात्र लॉजच्या मालकाला विचारून आल्या दिवशीच तिथल्या पंपावर थंडीत न गोठणारं डिझेल भरून घेतलं होतं. बापाचाच मुलगा.

आता एक गोष्ट. कारगिलला आम्ही जास्त राहिलो, तेव्हा संतोषनं तुम्हाला 'रस्ता बंद आहे' असं सांगितलं. रस्ता उघडा होता. मी दवाखान्यात होतो. त्याला खोटं बोलायला मीच लावलं, त्याच्यावर रागावू नका.

द्रासला दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती दम लागून. उठून बसलो तर छातीतून बुडबुड असा आवाज येत होता, हुक्का ओढावा तसा. वहिनी, तो आवाज मी ओळखला. आयुष्यात एकदाच ऐकला होता, पण विसरण्यासारखा नव्हता. उंचावर छातीत पाणी साचतं, आणि खाली उतरवणं हाच मुख्य इलाज.

संतोषला हाक मारली. त्यानं तोंडाकडं पाहिलं आणि मला पाठीवर घेतलं. बाहेर उणे बावीस होतं. गाडी कुठली आणि बर्फाचा ढीग कुठला कळत नव्हतं. मी त्याच्या पाठीवरूनच सांगत होतो, "आधी चिंध्या पेटव. हॅंडल काढ. एवढ्यात सुरू होणार नाही ती." शुद्धीत होतो की नव्हतो, देव जाणे. तो म्हणाला, "काका, बोलू नका."

मला सीटवर बसवलं, हातानं काचेवरचा बर्फ ओढला आणि आत बसून बटण दाबलं. समोर पिवळ्या स्प्रिंगसारखी एक खूण लागली, इंजिन आतून तापत असल्याची. मी तिच्याकडे बघत राहिलो. खूण विझली, आणि गाडी सुरू झाली.

वहिनी, एकदाच घरघरली आणि सुरू झाली! खोकली नाही, अडली नाही. केशवापुरात दारात सुरू होते तशी. मी डॅशबोर्डवर डोकं टेकलं आणि लहान पोरासारखा रडलो. संतोषला वाटलं, मी गेलो. तो ओरडला, "काका!" मी म्हटलं, "जिवंत आहे, चल." बाहेर उजाडत होतं, डोंगरांच्या शेंड्यांना गुलाबी ऊन लागत होतं, आणि हीटरची ऊब माझ्या पायांवर येत होती. मरायला टेकलेल्या माणसाला एवढं सुंदर दिसू नये, पण दिसलं खरं.

कारगिलला ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत.

नाकातली नळी निघाली तेव्हा संतोषनं विचारलं, "काका, 'सुरू होणार नाही' असं सारखं का म्हणत होता?" तेव्हा त्याला सांगितलं. त्यानं माझं पांघरूण वर ओढलं. मग म्हणाला, "आईला हे माहीत आहे?" मी नकारार्थी मान हलवली. "मग तुम्हीच सांगा. हे माझ्या तोंडून नको."

म्हणून आता लिहितो. तुम्ही एकदाच विचारलं होतं, महादेवच्या बाराव्याला, की शेवटी काय झालं. मी खाली मान घातली, आणि तुम्ही पुन्हा विचारलं नाही.

तुम्हाला कळवलं होतं तसं त्याला झोपेत मरण आलं नाही. तीही पहाटच होती, आणि छातीतला आवाज तोच. त्याला खाली न्यायचं होतं आणि ट्रक सुरू होत नव्हता. मी आणि आमचा स्वयंपाकी, दोघं आळीपाळीनं हॅंडल मारत होतो. महादेव आत सीटवर कांबळ्यात बसून मलाच धीर देत होता. आम्ही दोघं असलो की कन्नडच बोलायचो, मी त्याचा किट्ट्या. "अवसर माडब्याडो किट्ट्या," म्हणाला. घाई करू नको, तेल पातळ होऊ दे. त्याला स्वतःला श्वास पुरत नव्हता, आणि माझ्या हाताला रक्त आलं म्हणून तो मला थांबवत होता.

ऊन वर आलं तेव्हा गाडी सुरू झाली. त्यानं डोळे उघडले, "आत नोडो," म्हणाला, म्हणजे झाली बघ. मी चालवत होतो, त्याचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. एका वळणावर ते जड झालं. मी गाडी थांबवली नाही वहिनी. थांबवली तर पुन्हा सुरू होणार नाही, एवढंच डोक्यात होतं.

परत येताना संतोष म्हणाला, ते वळण दाखवा. मला ओळखता आलं नाही. रस्ता आता रुंद झालाय, डांबरी आहे. शेवटी त्यानंच एका ठिकाणी गाडी कडेला घेतली, टोपी काढली आणि बर्फात उभा राहिला. गाडी चालूच ठेवली होती. मी म्हटलं, "बंद कर, डिझेल जळतंय." तो म्हणाला, "राहू दे काका. अप्पांना ऐकू दे."

आता राहिला निरोप. त्या पहाटे महादेवनं तुमच्यासाठी एक निरोप दिला होता. तुम्हाला सातवा महिना होता. तो म्हणाला, "तिला सांग, मुलगी होऊ दे. आणि मुलगा झालाच, तर इकडं पाठवू नको म्हणावं. लोक पाठव पाठव म्हणतील. माझं नाव सांग आणि पाठवू नको."

हा निरोप द्यायचा तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि माझ्या तोंडून ते निघेना. वर्षं गेली. मग संतोष अठराचा झाला, कुणालाही न विचारता बेळगावच्या भरतीला जाऊन उभा राहिला, आणि तुम्ही पहिल्या गाडीनं जाऊन भर मैदानातून त्याला हाताला धरून परत आणलंत. गाव काय काय बोललं! जवानाची बायको असून, म्हणाले. त्या दिवशी तुमच्या अंगणात मी उभा होतो. तुम्ही त्याला जेवायला वाढत होता. निरोप तुमच्यापर्यंत पोचलाच नव्हता, आणि तुम्ही तो अक्षरशः पाळला होता.

द्रासचे डोंगर मी दोनदा पाहिले, उणे बावीसमध्ये बटणावर सुरू झालेली गाडीही पाहिली. पण अजून मला थक्क करतं ते तुमचं ते ताट वाढणं. तुम्ही त्याला पाठवलं असतंत, तर त्या पहाटे मला पाठीवर घ्यायला कोण असतं?

पत्र दोनदा वाचावं लागलं तर वाचा. मग बोलवा. मी येईन, आणि या वेळी चहा मी ठेवीन.

तुमच्या नवऱ्याचा निरोप एवढ्या उशिरा पोचवणारा,
तुमच्या मुलानं परत आणलेला,
कृष्णा