लोखंडी गड्याचे मधले तीन भाग

१५ जुलै १९६१, शनिवार. अकोला.
आजपासून वाचनालयात जाणं बंद, असं सकाळी ठरवलं. संध्याकाळी गेले. कारण विमल. जुन्या शहरातून पोरीनं एकटीनं येऊ नये, असं आत्याचं म्हणणं. मी आत्याच्या घरी राहते, तेव्हा तिच्या लेकीला सोबत करणं भाग आहे. एरवी मला खो-कादंबरीत रस नाही.
पद्धत अशी: एकानं तीन भाग लिहायचे, महिन्याला एक वाचून दाखवायचा. तिसरा झाला की उठून कागद पुढच्या लेखकाच्या हातात द्यायचे आणि 'खो' म्हणायचं. खो कुणाला, हे आधी सांगायचं नाही.
'लोखंडी गडी'चे पहिले तीन भाग ग्रंथपाल मोरोपंतांचे. वीस हात उंच यंत्र, पोटात बसून चालवायचं. तीन भागांत तीन मारामाऱ्या. यंत्र कशावर चालतं, याचा कुठेही उल्लेख नाही. मधले तीन भाग हरिहर सरांचे. हायस्कूलला मराठी शिकवतात. शर्टाची बटणं नीट असतात.
आज मारामारी झालीच नाही. गडी मोर्णेच्या काठावर उभा. त्याला चालवणारी मुलगी खाली पाय सोडून बसते आणि काठावरच्या मास्तरशी बोलते. सबंध भाग एवढाच. मोरोपंत मधेच ओरडले, "अरे हरिहर, तुह्या गड्याचे हात काय लोणच्यात घातले?" लोक हसले.
माझं मत: भाग संथ. रचना सैल. पण यंत्र चालवणारी मुलगी! यंत्राजवळ काम करणारी मुलगी अख्ख्या अकोल्यात एकच आहे. वीज कंपनीत, मीटर टेस्टिंगला. नोंद केली. निष्कर्ष काढला नाही.

१७ जुलै.
निष्कर्ष काढला.

१८ जुलै.
फिटर शालिकरामनं मीटर जोडून आणलं. जोडणी उलटी. मी म्हटलं, "चूक. पुन्हा." त्यानं विचारलं, "म्याडम, घरीबी असंच बोलता काय जी?" हो म्हटलं. बाकीचे हसले. का, ते कळलं नाही. डिप्लोमाच्या तीन वर्षांत मी एक शिकले, शब्द वाया घालवायचे नाहीत.

३० जुलै, रविवार.
बापूसाहेब अमरावतीहून स्थळ घेऊन आले. वडील वकील असले की मुलीचीही तारीख लागते. देवीदास नाव. दर्यापूरला जिनिंग फॅक्टरीचं इंजिन सांभाळतो. म्हटलं, बघू. चार प्रश्न विचारले. तीन बरोबर. चौथ्याला हसला आणि म्हणाला, "हे मले येत नाही. तुमी सांगा." येत नाही हे माणूस हसत कसं सांगू शकतो? हसताना हिरड्या दिसतात. शिवाय कॉलर विरलेली होती. तेही सांगितलं.
जाताना बापूसाहेबांना म्हणाला म्हणे, "पोरगी सरळ बोलते. मले आवडली." म्हणजे माणसं ओळखण्यातही कच्चा.
गणपती बसायच्या आत उत्तर द्यायचं आहे. बापूसाहेबांचं म्हणणं, यानंतर ते स्थळं शोधणार नाहीत, विमलच्या मागे मीच राहीन. विमलच्या मागे! विमल डबा विसरून शाळेत जाते.

१९ ऑगस्ट, शनिवार.
पाचवा भाग. मिश्र मत.
कथा जागची हलत नाही. मुलगी आणि मास्तर ज्वारीच्या शेताच्या धुऱ्यावर बसून बोरं खातात. ऑगस्टात बोरं कुठली? पण यंत्र बोलायला लागलं आहे. गावकऱ्यांनी घाट बांधला तर यंत्र वाकून बघतं आणि म्हणतं, "चूक. पुन्हा." सगळं वाचनालय हसलं. पुढच्या बाकांवरचे लोक वळून वळून माझ्याकडे बघत होते. मी ताठ बसून राहिले. सर लाल झाले.
म्हणजे माझे शब्द त्यांच्या कानापर्यंत पोचले आहेत. विमलच सांगत असणार. ते त्यांनी यंत्राच्या तोंडी घातले, कारण मुलीच्या तोंडी घातले असते तर लोकांनी मला लगेच ओळखलं असतं. तेवढ्याचसाठी मुलगी सारखी हसते, पालीला भिते आणि डबा विसरते. वेषांतर पक्कं आहे. थोडं जास्तच झालं.
यंत्राचं चित्रण मात्र अचूक. भाकरीची जाडी मोजतं. पाहुणा आला की आधी घड्याळ बघतं. कुणी हात लावला की बाजूला सरकतं. जवळून निरीक्षण असल्याशिवाय असं लिहिता येत नाही.
एकच दोष. गुडघा. असल्या सांध्यावर एवढं वजन उभं राहणार नाही. ड्रॉइंग करून द्यायचं ठरवलं.

२१ ऑगस्ट.
गुडघ्याचं ड्रॉइंग विमलबरोबर पाठवलं. सरांचं अक्षर वाचवत नाही म्हणून विमल रोज शाळा सुटल्यावर त्यांचे भाग सुवाच्य लिहून देते. फुकटची लेखनिक. दिवेलागणीला परत येते. एवढा वेळ कसा लागतो विचारलं तर लाजली. सावकाश काम करणाऱ्यानं लाजायलाच हवं. गुडघ्याबद्दल तिला एवढंच ठाऊक, की तो दुखतो.

२३ ऑगस्ट.
शालिकराम म्हणाला, "म्याडम, परवाच्या दिशी आमीबी आयकाले आलो होतो. तो गडी बोलला नं, मले वाटलं तुमीच बोलून राहिल्या! लय हासलो जी." त्याला समजावून सांगितलं, की तांत्रिक माणसाची भाषा यंत्रासारखीच नेमकी असते, पण त्या कथेत मी यंत्र नसून यंत्र चालवणारी आहे. त्यानं पक्कड उचलली. मग "बराबर हाय, म्याडम" म्हणून गेला. कथा समजायला शिक्षण लागतं.

२ सप्टेंबर.
सर वाटेत भेटले. सायकलवरून उतरले. ड्रॉइंगबद्दल आभार. नंतर म्हणाले, "खरं सांगू? तुमच्याशिवाय हा गडी उभाच राहिला नसता." हे म्हणताना नजर चेनकडे. पुढे काही सांगायचं होतं, ते गिळलं. "रागावणार नाही ना तुम्ही?" एवढंच विचारलं. रागावण्यासारखं काय आहे, म्हटलं. त्यांना फार हायसं वाटलेलं दिसलं.
लाजाळूपणा हा पुरुषात दोष नाही.

९ सप्टेंबर.
दर्यापूरला नकार. आत्या दिवसभर मागे. "काहून नाही म्हनून राहिली वं? काय खोड हाय त्याले?" हिरड्या, म्हटलं. "दात बैलाचे पाह्यतेत, चारू!"
बापूसाहेब म्हणाले होते, नकार असेल तर गोड शब्दांत कळवू. गोड शब्दांनी गैरसमज होतात. मीच परस्पर देवीदासला कळवलं: तांत्रिक ज्ञान अपुरं, वाढेल असं दिसत नाही. विमलनं वाचलं आणि रडली. म्हणाली, "ताई, थांब नं जराशी. टपालात टाकू नको. मले तुले काही सांगायचं हाय." सहावा भाग होऊ दे, मग सांग, म्हटलं. पेटीत टाकून आले. हात स्वच्छ वाटले.

१६ सप्टेंबर, शनिवार. सकाळ.
आज सर खो देणार.
विचार असा. मागच्या कादंबरीत मोरोपंतांनी खो दिला तो होणाऱ्या जावयाला. लग्न ठरल्याचं गावाला तिथेच कळलं. बाईला तर आजवर कुणी खो दिलेलाच नाही. पुरुषानं भरल्या वाचनालयात बाईच्या हातात कागद ठेवायचे, याचा अकोल्यात अर्थ एकच होतो. सरांना तो कळतो. मलाही कळतो. यंत्राची माहिती असलेली बाई मीच.
ठरवलं: एकदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदा घ्यायचे. सातव्या भागासाठी खांद्याचं ड्रॉइंग तयार आहे. निळं पातळ. विमलला म्हटलं, आज माझ्या शेजारी बस, तुलाही बघायला मिळेल. ती आत्याकडे बघत राहिली.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
सहाव्या भागात मुलगी यंत्र बंद करते. मास्तर खाली उभा असतो. यंत्र तिला सांगतं, शिडीची तिसरी पायरी सैल आहे, जोडा तपासून घे, वेळ चुकली आहे. ती दांडा ओढते. यंत्र वाक्याच्या मधेच थांबतं. ती खाली उतरते. बायका डोळे पुसत होत्या. मला वाटलं, सरांना मी नोकरी सोडायला हवी आहे. अर्ध्या दिवसाची चालेल, असं मी मनात कबूल केलं.
सर कागद घेऊन आमच्या बाकाकडे आले. मी हात पुढे केला. नको म्हणायचं राहूनच गेलं. त्यांनी कागद विमलच्या हातात ठेवले. "खो."
मोरोपंत ओरडले, "अनसूयाबाई, काढा आता पेढे!" आत्याच्या पिशवीत पेढे होते. दोन महिन्यांपासून सगळ्यांना ठाऊक होतं. माझा हात पुढेच होता, म्हणून पहिला पेढा मलाच मिळाला. खाल्ला.
कुणीतरी विचारलं, "अन् आता त्या लोखंडी गड्याचं काय?" सर भिंतीकडे बघत होते. विमलनं माझा हात धरला. म्हणाली, "ताई, मी त्याले मोडनार नाही. खरंच नाही मोडनार."
बाजूला सरकले.

१७ सप्टेंबर.
मधले तिन्ही भाग वाचनालयातून आणून सलग वाचले. संथ नाहीत. एकही वाक्य वाया गेलेलं नाही. मुलगी म्हणजे विमल, पालीसकट. यंत्राचं बोलणं माझं, बसणं माझं, बाजूला सरकणंही. गुडघा तर मीच दिला.
कथेत मी बसले होते ती जागा चुकीची होती. लोकांना पहिल्याच दिवशी कळलं. शालिकरामला तर मी स्वतः समजावून सांगितलं.
बापूसाहेबांना कळवलं: दर्यापूरचा विचार पुन्हा करता येईल. चौथा प्रश्न अवघड होता.

१ ऑक्टोबर.
बापूसाहेब आले. देवीदासनं माझं पत्र कुणाला दाखवलं नाही. "मुलीला नोकरी सोडायची नाही," एवढंच घरी सांगितलं. बार्शीटाकळीची मुलगी ठरली. बापूसाहेब मला रागावले नाहीत. चहा पिऊन गेले.

१० डिसेंबर, रविवार.
विमलचं लग्न. वायरमन आला नाही. मांडवाचं वायरिंग मी केलं. एकही दिवा विझला नाही. सर आभार मानायला आले, तेव्हा मी शिडीवर होते. तिथूनच बोलले.
देवीदास बायकोला घेऊन आला होता. ती आत्याच्या नात्यातली निघाली. त्यानं मांडवभर फिरून जोडण्या पाहिल्या आणि तिला म्हणाला, "पाह्य, मी म्हणत होतो नं, बाई कामात एकदम चोख हाय." ती हसली. म्हणाली, "या न एकदा दर्यापूरले." बरं म्हटलं. त्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर त्याला सांगावं असं वाटलं. सुरुवातही केली. त्यानं अर्ध्यापर्यंत लक्ष देऊन ऐकलं.
मग त्यांची बस निघाली.