आमच्या दारापासून

१२ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आपल्या रस्त्याच्या दुरुस्तीवर इंजिनिअर म्हणून तूच येणार, हे तुझं पत्र मी तुझ्या भावोजींना तीनदा वाचून दाखवलं. ते म्हणाले, आता तरी टोमॅटो बाजारात टोमॅटो म्हणूनच पोचतील. खड्ड्यांतून टेम्पो जाईपर्यंत खालच्या क्रेटांचा नुसता रस होतो, आणि अडत्या नाक मुरडून सगळ्याच मालाचा भाव पाडतो.

माझा एक हट्ट आहे. काम आमच्या दारापासून सुरू कर. आजवर जे आलं ते बाजाराकडून निघालं आणि अर्ध्या वाटेत संपलं. नळ ओढ्यापलीकडे थांबला तो अजून थांबलाय. शेपटाकडच्यांच्या वाट्याला नुसती आश्वासनं. घरचा साहेब असून याही वेळी तेच झालं, तर लहानपणी तुला कडेवर घेऊन हिंडले ते फुकट म्हणायचं.

जेवणाची आबाळ करू नकोस. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
ताई

२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र म्हणजे हुकूमच. खरं तर असं काम बाजाराच्या टोकाकडून करत आणायचं असतं. खडीची खाण तिकडे आहे. भरलेले डंपर मग तयार झालेल्या रस्त्यावरून पुढे येतात आणि जुन्याला धक्का लागत नाही. हे मला पाठ आहे. तरी मोठ्या साहेबांशी वाद घातला आणि तुझ्या दाराची परवानगी मिळवली. ते म्हणाले, बहिणीचे लाड घरी करावेत. मी हसण्यावारी नेलं.

भावोजींना सांग, या खेपेला अर्धं नको, सगळं रान टोमॅटोला घाला. तोडा सुरू होईतो टेम्पो पोटातलं पाणी न हलता बाजारात जाईल. शब्द माझा. भाचीला म्हणावं, सायकल पुसून ठेव, नव्या रस्त्यावर मामाशी शर्यत आहे.

तुझा हट्टी बहिणीचा हट्टी भाऊ,
धाकटा

२४ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

दारापुढचा रस्ता दृष्ट लागण्यासारखा झालाय. मी रोज सकाळी तो झाडते, तर तुझे भावोजी हसतात. लेक दिवसभर सायकल फिरवते. ओढ्यापर्यंत जाते आणि परत येते, कारण पुढे रस्ताच उरला नाही.

तुझे भरलेले डंपर सगळे त्या जुन्या रस्त्यावरून आले. खड्डे होते तिथे आता चर पडलेत, आणि ओढ्यावरची मोरी मधोमध खचलीय. टेम्पो अलीकडेच अडतो. इकडे सगळं रान लाल झालंय. हे आणि मी क्रेट डोक्यावर घेऊन ओढा उतरतो; पलीकडे कुणाची गाडी मिळाली तर मिळाली. काल मिळाली नाही. माल उन्हात बसून राहिला, आणि आम्हीही.

रागाने लिहीत नाही रे, पण यंत्रं कुठे गेली? काम थांबलंय का? यांना विचारलं तर म्हणतात, धाकट्याने शब्द दिलाय. एवढं म्हणून पुन्हा क्रेट भरायला जातात.

उत्तराची वाट बघणारी,
ताई

८ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कुठल्या तोंडाने लिहू? निधी अडकला आणि कंत्राटदाराने यंत्रं दुसऱ्या कामावर हलवली. मोठ्या साहेबांपुढे हात जोडले, तर म्हणाले, "बहिणीचं दार झालं ना? मग आता कसली घाई?" रोज कचेरीत जोडे झिजवतोय.

बाजाराकडून आलो असतो, तर काम थांबल्यावरही तुमचे जुने खड्डे तरी शाबूत राहिले असते. मोरी उभी असती. भावोजींना थोडी कळ काढायला सांग. मला तिकडे यायचा धीर होत नाही.

धाकटा

२० जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मंजुरी आली! एक तारखेपासून काम. आधी मोरी, मग बाजाराकडून सरळ तुमच्याकडे. आता कुणाचं ऐकणार नाही, तुझंसुद्धा. भावोजींना म्हणावं, टोमॅटो पुन्हा लावा.

इतके दिवस तुझं पत्र नाही. शिव्या घाल, पण लिही.

धाकटा

११ जुलै

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

राग नाही रे. लिहायला हातच उचलत नव्हता.

टोमॅटो झाडावर सडले. शेवटी यांनी नांगर घालून सगळे मातीत गाडले. घरभर आंबूस वास राहिला, कितीतरी दिवस आम्ही खिडक्या लावून जेवलो. अडत्याने दुसऱ्या गावांचा माल धरलाय. टेम्पो विकला. घेणाऱ्याने दोरखंड बांधून तो ओढ्यातून ओढत नेला. मोरी खचल्यापासून तेवढा एकदाच तो पलीकडे गेला.

पुन्हा लावा म्हणतोस. यांच्यात ती उमेद उरलेली नाही, आणि मी आग्रह करणार नाही. एकदा करून बघितला. हट्ट माझाच होता, तुला बोल कसा लावू? पण दारापुढे झाडू घेऊन उभी राहिले की जीव नकोसा होतो. आता झाडत नाही.

मोरीच्या कामाला माणसं हवी होती. सोमवारपासून हे तिथे खडीची घमेली वाहतात. सकाळी त्याच नव्या रस्त्याने चालत जातात.

तू तपासणीला येशीलच. जेवायला घरी ये. तुझ्यावरची माया आहे तिथेच आहे.

तुझी
ताई

ता. क. कामावर चारचौघांत त्यांना भावोजी म्हणून हाक मारू नकोस. त्यांनीच सांगायला लावलंय. म्हणाले, धाकट्याला कमीपणा येईल.