एक जूनच्या आत

प्रिय डार्विन,

समोर बसून बोलायची हिंमत होत नाही, म्हणून लिहितोय. माझं शिक्षण जेमतेम आठवीचं. शब्द वेडेवाकडे पडतील, पण पिचरांचे वेडेवाकडे चेंडू झेलण्यातच तुझं आयुष्य गेलंय, तेव्हा हेही झेलशील.

फेब्रुवारीत तू बेसबॉलच्या आपल्या या धाकट्या लीगच्या करारावर सही केलीस, तेव्हा संघाचा प्रशिक्षक म्हणून मी शेजारीच होतो. वय सदतीस, दोन्ही गुडघे शिवलेले. थोरल्या लीगमध्ये नऊ हंगाम काढलेला कॅचर, आणि अंगात पाठीवर नाव नसलेला सदरा! तू एकाच कलमावर अडून बसलास: एक जूनला दुपारी बारापर्यंत आपल्या थोरल्या संघाचं बोलावणं आलं नाही, तर सुटका मागून मोकळा होईन, हव्या त्या संघाकडे जाईन. बारा टळले की मात्र हंगामभर इथेच बांधलेला. तुझी लेक ओपल तुझ्या शेवटच्या मोठ्या सामन्यानंतर जन्मली. टीव्हीवरचं बेसबॉल वेगळं आणि बाबाचं वेगळं, असं तिला वाटतं, हे तू हसत हसत सांगितलंस. मला ते हसू काही पचलं नाही.

पहिल्या दिवसाची फजिती आठवते? पोरांना वाटलं, कोणी बडा खेळाडू दुखापतीतून उठून चार दिवस हात मोकळा करायला आलाय. अशा पाहुण्याने अख्ख्या संघाला जेवू घालायचं, ही आपल्याकडची रीत. "काय साहेब, आज काय खिलवणार?" म्हणून सगळे मागे लागले. तू खरं सांगितलं नाहीस. भट्टीवर भाजलेल्या बरगड्या मागवल्यास, पार धोब्यालासुद्धा वाढल्यास. दुसऱ्या दिवशी बिंग फुटलं, तेव्हा तो लालकेशा कोल्बी म्हणाला, "आजोबा, तुम्ही तर आमच्यातलेच निघालात! बरगड्या परत देऊ का?" तू म्हणालास, "राहू दे. आधी तुझा चेंडू तेवढा वळवायला शीक." आज त्याचा चेंडू असा वळतो, की फलंदाज वाऱ्यावर बॅट फिरवून परत जातात. ही तुझी करणी. नुसत्या बोटांच्या खुणांनी तू त्या सगळ्यांना वळण लावलंस.

काल दुपारी बाकावर तू विचारलंस, "पॉप, खरं सांगा, थांबू की निघू?" मी म्हणालो, "अरे, घोडामैदान जवळ आलंय. आठवड्याभरात बोलावणं येतंय. थांब." तू म्हणालास, "तुम्ही म्हणताय ना? मग झालं." आणि तिथूनच बायकोला फोन लावलास, "लोरीन, ओपलला सांग, बाबा टीव्हीत दिसणार." मी वाकून बुटाची नाडी बांधत बसलो. नाडी सुटलेली नव्हती.

बोलावणं येणार नाही, डार्विन. खेळाडूंचा कारभार बघणाऱ्या वॉरनने काल सकाळी मला बाजूला घेतलं. म्हणाला, "वर त्याला जागा नाही, होणारही नाही. पण तो गेला तर ही पिचर पोरं उघडी पडतील. दुसऱ्या एका थोरल्या संघाच्या कॅचरचा अंगठा मोडलाय, त्यांची नजर याच्यावर आहे. तुझा शब्द तो मोडायचा नाही. उद्या बारापर्यंत त्याला गप्प बसव, तुझंही पुढच्या वर्षाचं बघतो." एकाहत्तराव्या वर्षी मला दुसरं कोण ठेवणार, म्हणून मी मान डोलावली. माझीही सही दर वर्षाचीच. पोटाच्या भीतीने मी तुझा विश्वास विकला, आणि सकाळी दाढी करताना आरशात बघवेना. तेव्हा हे वाचून मला शोधत येऊ नकोस. आधी वरच्या मजल्यावर जा आणि मोकळं करा म्हणून लिहून दे. वॉरन गोड बोलेल, कॉफी देईल, पण तू बसू नकोस. आज एक जून; घड्याळात बारा वाजायच्या आत सही कर. मला शिव्या घालायला अख्खा जून पडलाय.

तुझाच, म्हणायचा हक्क उरला असेल तर,
पॉप