वहीतली बरोबरी

दि. ४ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि त्यातली माझी खरडपट्टी, दोन्ही पोचली. शह दिसला की माझा हात शिवशिवतो, हे कबूल. परवा तसाच एक शह दिला. समोरच्याचा राजा पटाच्या मधोमध आला आणि माझी दोन प्यादी खाऊन गेला. डाव सरत आला की राजाला घरकोंबडा ठेवू नये, हे तुझं वाक्य आता पटाच्या मागे चिकटवलंय.

निवड स्पर्धेचा अर्ज पंचवीस तारखेपर्यंत द्यायचा आहे. निवड झाली तर वर्षभराचं शिबिर. पुढच्या वर्षी मी वयात बसत नाही. प्रशिक्षक म्हणून बाबांची सही लागते आणि ते करत नाहीत. म्हणतात, तुझे डावांचे शेवट कच्चे आहेत, हसं होईल, त्यापेक्षा आपल्या बुद्धिबळाच्या वर्गातल्या नव्या मुलांना शिकव. आईचं म्हणणं एवढंच, की भांडा, पण पट जेवणाच्या टेबलावरून उचलून भांडा.

एक विचारायचंय. वर्गाच्या कपाटात बाबांची जुनी वही सापडली. एका पानावर पांढऱ्याचा राजा, उंट आणि दोन प्यादी, त्यातलं एक अगदी कडेचं; काळ्याचा राजा आणि घोडा. खाली बाबांच्या अक्षरात लिहिलंय, 'बरोबरी. मधल्या प्याद्यावर घोडा देऊन टाकायचा, राजा कोपऱ्यात.' मी मांडून पाहिलं. उंट काळ्या घरांतून फिरणारा, कोपरा पांढरा; त्यामुळे तो राजाला तिथून हुसकावूच शकत नाही. तारीख बेचाळीस वर्षांपूर्वीची, १७ एप्रिल, सकाळी नऊ. पण पान उलटलं तर 'काळ्याने डाव सोडला'! बरोबरी हातात असताना कोण वेडा डाव सोडेल? कुणाचा गं हा डाव?

तुझी,
टिटवी


दि. ९ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

प्रकृतीची चौकशी शेवटी करते, आधी काम.

तुझ्या लेकीला तुझी एक वही सापडली आहे. १७ एप्रिलला सकाळी माझा बी.ए.चा पेपर होता. आदल्या दिवशी तहकूब झालेला माझा डाव दुपारी दोनला पुढे सुरू व्हायचा होता. तूच म्हणालास, की तू पेपर लिही, डाव मी बघतो. साडेबाराला पेपर सुटला तेव्हा कॉलेजच्या फाटकापाशी उभा होतास. डाव हरलेला आहे, उगाच लोकांची दुपार घालवू नकोस, असं सांगितलंस. मी पटाजवळही गेले नाही. तुझ्याच पाठीवर कागद ठेवून डाव सोडल्याची चिठ्ठी लिहिली. बरोबरीचा जो अर्धा गुण मिळाला असता, तेवढ्याने संघातली जागा गेली आणि महिन्याभरात माझं लग्न झालं.

बेचाळीस वर्षं मी हरले असंच सांगत आले. शाळेत मुलींना शिकवताना उंटापुढे घोडा कसा दुबळा पडतो, याचं उदाहरण म्हणून तोच डाव सांगितला.

तुझ्या वहीत नऊ वाजता बरोबरी लिहिलेली आहे. नऊ ते साडेबारा या वेळात काय झालं, तेवढं कळव.

प्रकृती कशी आहे?

तुझी बहीण


दि. १४ जानेवारी

चि. बाळीस,
अ. उ. आ.

गुडघे सोडले तर प्रकृती ठीक. तुझं पत्र तीनदा वाचलं. नाकारत नाही.

दहाच्या सुमारास तुझ्या सासरहून होकार आला. त्यांना घाई होती, आणि संघ दोन महिने परदेशी राहणार होता. अण्णांनी बापाच्या हक्काने शब्द देऊन टाकला आणि मला म्हणाले, तिला तू सांग, ती तुझंच ऐकते. अर्ध्या गुणापायी चांगलं घर हातचं घालवायचं होतं का? आणि तुझं वाईट कुठे झालं? यजमान देवमाणूस होते.

टिटवीला यातलं काही बोलू नकोस. मी दिलेला निकाल कधी चुकत नाही, असं ती वर्गातल्या पोरांना सांगत असते. खरं सांगायचं तर वर्ग आता तिच्यावरच चालतो. म्हणून तिला अडवत होतो. तू गप्प राहणार असशील तर अर्जावर सही करतो.

बहिणीने भावाला इतकं सांभाळून घ्यावं.

तुझा दादा


दि. १८ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

यजमान कसे होते हे तू मला सांगायला नको. त्यांच्याबद्दल मी विचारलंच नव्हतं.

सौदा मान्य. बावीस तारखेच्या आत सही केलेला अर्ज तिच्या हातात पडला पाहिजे. मी बोलणार नाही, आज नाही आणि पुढेही नाही. तेव्हा डाव तू माझ्याकडून सोडवून घेतलास. या खेपेला मी आपण होऊन सोडते आहे, सगळं नीट मांडून बघून.

मला बाळी म्हणू नकोस. त्रेसष्ट वर्षांची आहे. उत्तर पाठवायची तसदी घेऊ नये.

लोभ होता.

तुझी बहीण


दि. २७ जानेवारी

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

अर्ज पोचता केलास हे वाचून बरं वाटलं. बाबांनी एका शब्दाने न कुरकुरता सही केली, तू त्यांच्या गळ्यात पडलीस, त्यांचे डोळे भरून आले, आणि असे बाबा कुणाला मिळत नाहीत असं तू लिहितेस. वाचलं.

आता कामाचं. रोज हत्ती-प्याद्यांचे दोन शेवट मांडायचे. खेळी सुचली की हात मांडीखाली घालून बसायचं आणि आधी समोरच्याला काय हवंय ते बघायचं. तुझी घाई ही हुशारी नव्हे.

वहीतला डाव कुणाचा, हे तू पुन्हा विचारलंस. मला माहीत नाही. तेव्हा स्पर्धा पुष्कळ व्हायच्या. विश्लेषण मात्र अचूक आहे. परवा मी स्वतः पट मांडून बघितलं, मला सहा मिनिटं लागली. डाव सोडणाऱ्याने तेवढीही दिली नसणार. कुणीतरी सांगितलं असेल आणि त्याने ऐकलं असेल.

तू ऐकायचं नाहीस. बाबा सांगोत, मी सांगो, खुर्चीत बसून स्वतः बघितल्याशिवाय हार कबूल करायची नाही.

निकाल कसाही लागो, पहिलं पत्र मला टाक. तुझ्यावरचा लोभ आहे तसाच आहे.

तुझी,
आत्या