माणच्या माळावरचा पंखाळ

दहिवडी,
फाल्गुन, १९४६

ती. बनुआत्यास,

अंजनाचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे आणि आतोबांचा दमा यंदा तरी एकमेकांशी चढाओढ करत नसतील अशी आशा आहे. मी खुशाल आहे. (भुवया तेवढ्या जळाल्या. पंखाळ शिंकला.)

विलायतेतले विद्वान याला ड्रॅगन म्हणतात आणि मेलेल्याच्या दातांची मापं घेतात. जिवंत पंखाळ पाहायला एका बाईनं माणात जावं, हे आमच्या कॉलेजात कुणालाच रुचलं नाही. म्हणून मी कुणाला न विचारताच आले. धुळा मेंढपाळ आणि त्याची बायको दगडाबाई यांच्या पालाशेजारी राहते. समोरच्या डोंगरात पंखाळाची कपार आहे. अंगानं बैलाएवढा, कातडी घोरपडीची, पंख वटवाघळाचे. पहिल्या दिवशी मी कपारीशी जाऊन विचारलं, "आत कुणी आहे का?" (जनावराला असं विचारतात का, हे तुम्ही विचारू नका.) उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी भर दुपारी गेले, तर आतूनच विचारणा झाली, "आत कुणी आहे का?" आवाज माझाच. गडबडून मी म्हटलं, "मी अंजना." तिसऱ्या दिवशी कपार म्हणाली, "मी अंजना." आत्या, त्या उन्हात मला हुडहुडी भरली.

तो ऐकलेला आवाज साठवतो आणि त्याच आवाजात हाका मारून मेंढरं आत बोलावतो. धुळाची बरीच मेंढरं अशी गेली. शेवटी वैतागून त्यानं कऱ्हाडकडचे सुभेदार लालासाहेब यांना बंदुकीसह आणलं. मी शास्त्र सांगू लागले, तर ते म्हणाले, "बाई, तुमी बाजूला व्हा. शास्तर माझ्या खांद्यावर हाय."

बंदूक रोखली, आणि आतून कोवळ्या आवाजात हाक आली, "आये, भाकर आन की गं!"

ज्ञानू, दगडाबाईचा लेक. लहानपणी याच डोंगरावर मेंढरं राखायचा. पुढं पलटणीत गेला आणि इटलीच्या लढाईत पडला. दगडाबाई धावत येऊन कपारीच्या तोंडाशी उभी राहिली.

"आदी मला गोळी घाला."

धुळा ओरडला, "अगं, त्यो ज्ञानू न्हाई!"

"ठावं हाय मला. पर आवाज त्याचाच हाय न्हवं?"

मग कळलं, ती रोज भाकरी घेऊन कुठं जायची ते. आतून पुन्हा हाक आली. लालासाहेबांनी बंदूक खाली ठेवली आणि फेटा काढून मांडीवर घेतला. जाताना धुळाला म्हणाले, "माझा नेम आता ऱ्हायला न्हाई गड्या. तू मेंढरं पल्याडच्या अंगाला चार." धुळानं मान डोलावली. तेव्हापासून तोही कपारीशी बसतो; दगडाबाईपासून जरा लांब, पाठमोरा.

आतोबांस नमस्कार.

तुमची,
अंजना

ता. क. हे पत्र घेऊन येणाऱ्या धुळाच्या पाटीत भोपळा नाही. पंखाळाचं अंडं आहे, उघड्यावर सापडलेलं. माळावर लांडगे फिरतात, म्हणून तेवढं तुमच्या न्हाणीच्या चुलीपाशी उबेला ठेवा. त्याला कवचातूनही ऐकू येतं, तेव्हा माझ्या लग्नाचा विषय तिथं काढू नये.

ता. क. दुसरा. पाटी बांधण्याआधी दगडाबाई अंड्याला तोंड लावून काहीतरी बोलली. काय, ते मला ऐकू दिलं नाही. पिल्लू पहिल्यांदा तिच्या आवाजात बोलेल तेव्हा तुम्हीच जवळ असाल. भिऊ नका. नुसती ओ द्या.