आधी बेअरिंग, मग डॅम्पर

११ जाने., शनि.
आजवर या हातांनी केलेलं: हँडलला डॅम्पर (थरथर दाबणारा तेलाचा दांडा) धरून ठेवणारे क्लॅम्प, सात जातींच्या मोटरसायकलींचे. पुढचं चाक उचलायचा घोडा. बेअरिंगच्या वाट्या ओढून काढायचा पुलर. अंबरनाथच्या गाळ्याचं शटर. स्वयंपाकघरातली मांडणी (सुनंदा म्हणते वाकडी आहे. नाही.) शिकवायला कोणी नव्हतं.
आजच का लिहितोय? तर संजय, सुनंदाचा भाऊ, काल बदलापुरात यू-टर्न घेताना गाडीसकट पडला. कोपर सोलला. आणि सगळ्यांना सांगत सुटलाय, "भाऊजींचा क्लॅम्प बोगस."

१२ जाने., रवि.
संजय गाडी घेऊन आला. "बघा तुमची कारागिरी."
बघितली. क्लॅम्प केसभर हललेला नाही. पण कॅम्प ४ च्या ज्या दुकानाला मी क्लॅम्प देतो, तिथे तो दीड इंच पुढे आवळलाय. हँडल पुरतं वळायच्या आत डॅम्परचा दांडा संपतो, हँडल अडकतं. माणूस खाली.
"म्हणजे चूक दुकानाची?"
"दुकानाची. आणि तुझी. मला न विचारता बसवून घेतलास."
"विचारलं असतं तर तुम्ही बसवलाच नसता."
नसताच. ऐंशीच्या पुढे हँडल थरथरतं म्हणून याने डॅम्पर घेतला. थरथरतं का, ते कोणी बघितलं? डॅम्पर सोडवला, चाक घोड्यावर घेतलं, दोन बोटांनी हँडल फिरवलं. बरोबर मधोमध खाच लागली. हँडलचं बेअरिंग गेलेलं. डॅम्पर असला की ती खाच बोटाला कळतच नाही. दुखणं तसंच, फक्त ओरडणं बंद.

१४ जाने., मंगळ. संक्रांत.
सुनंदाने तिळगूळ हातावर ठेवला, चेहरा मात्र कडू.
"त्याचं ते लावून द्या ना परत. पुन्हा पडला तर?"
"पडू नये म्हणूनच काढलंय."
"तुम्हाला आपलंच खरं करायचं असतं."
खरं असेल तर करायचंच.

१६ जाने., गुरु.
नवीन बेअरिंग, वाट्या दोन्ही नव्या. नट आवळून पुन्हा जरा सैल. चाक वर असताना हँडल मधून सोडलं की आपल्या वजनाने पडलं पाहिजे, डावीकडेही, उजवीकडेही. चौथ्यांदा जमलं. चौथ्यांदा तर चौथ्यांदा.

१९ जाने., रवि.
कर्जत रस्ता. आधी बिनडॅम्परची. ऐंशी, नव्वद... काही नाही. मुद्दाम खड्ड्यात घातली. एक झटका, पुन्हा सरळ.
मग डॅम्पर, योग्य जागी. तोच खड्डा, झटका निम्मा. हे लिहिलंच पाहिजे: वस्तू वाईट नाही. वेगात, खराब रस्त्यावर पैसे वसूल. कडक ठेवली तर बाजारात गाडी म्हशीसारखी वळते. पण सगळं नीट असलेल्या गाडीला, सगळ्यात शेवटी.
संजयला दोन्ही वेळा चालवायला दिली. उतरून म्हणतो, "डॅम्परशिवायही मस्त आहे हो. पण आमच्या रायडिंग ग्रुपमधे सगळ्यांना सोनेरी डॅम्पर आहे, मग आपली गाडी बोडकी दिसते."
बोडकी!
म्हटलं, ग्रुपच्या सगळ्या गाड्या आण, चाक उचलून बघतो, फुकट. त्या सगळ्यांचेही त्याच दुकानात बसवलेत.
"बघू," म्हणाला. डोळे दुसरीकडे.

२१ जाने., मंगळ.
कॅम्प ४ चा दुकानवाला शेठ गाळ्यावर आला. चहा त्यानेच मागवला.
"भाऊ, आपका हाथ सोना है. दुकानात बसा. दिवसाला आठ गाड्या देतो."
"चाक उचलून बघितल्याशिवाय एकही बसवणार नाही."
"अरे साईं, चाक उचललं, बेअरिंग खराब निघालं, तर गिराईक तिथूनच परत जाईल ना!"
"जाऊ दे."
"संजयभाई तर बोलला, भाऊजी मानेंगे."
म्हणजे हा आधी संजयला विचारून आला. ग्रुपमधल्या एकाचीही गाडी अजून आलेली नाही. संजय फोन उचलत नाही. सुनंदाला अजून सांगितलेलं नाही.
त्या दुकानाला आजपासून माझे क्लॅम्पही बंद.
शेठची बोली अशी होती: पाटीवर माझं नाव, दहा ते आठ, चाक न उचलता बसवायचं, महिना पंच्याऐंशी हजार. नाही म्हटलं.