पामच्या कागदावरची सही

आये, तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायचा तर आधी तुझी शिवी आठवावी लागते. मी चौथीपर्यंत शिकले, लिहायला वेळ लागतो आणि वेळ काढायची मला सवय नाही. तरी लिहितेय. गावच्या आपल्या जमिनीचं सांगायचं आहे.

त्याआधी एक जुना दिवस. गिरणी संपाचं पहिलं वर्ष. लालबागच्या खोलीत तुझी खानावळ, गावाकडचे गिरणीवाले जेवायला. अर्धे गावी निघून गेलेत, उरलेले ओळीने जमिनीवर बसलेत. शेंगदाणा तेल परवडेना म्हणून तू कालवणात रेशनचं पामतेल घातलंयस. गिरणीत मागावर काम करणारा एक म्हातारा साचेवाला पहिल्याच घासाला थांबतो.

"वयनी, ह्या त्याल खयचा?"

"शेंगदाण्याचा. गप जेवा."

"नाय, रेशनचा!" मी ओरडते. नऊ वर्षांची मी, स्वतःला शहाणी समजणारी.

तू सगळ्यांसमोर माझ्या मनगटावर उलथनं मारलंस. म्हातारा म्हणाला, "चेडवाक मारू नको गो. गिरण बंद झाली, हिचा तोंड तरी चालू आसा." सगळे हसले. तू हसली नाहीस. दुसऱ्या दिवशी मात्र रेशनच्या तेलाचा डबा उचलून उंबऱ्यापाशी ठेवलास, येणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. त्याच वर्षी बाबा म्हणाले, गावच्या विहिरीच्या वरचं रान लाकूडवाल्याला देऊन टाकू. तू तवा खाली ठेवलास. "झरो आटलो तर परत जातलव खय?" एवढंच म्हणालीस आणि रान राहिलं.

आता करी रोडला माझं पोळीभाजी केंद्र आहे, टॉवरमध्ये डबे जातात. तळण पामतेलातच. गेल्या वर्षी ऐन डबे भरायच्या वेळी काकांचा मुलगा, गावचा आपला दादा, कागद घेऊन आला. म्हणाला, गावात तेलाच्या पामची लागवड होतेय, रोपं मिळतात, सातबाऱ्यावर माझंही नाव आहे म्हणून माझी सही हवी. माझ्या डोक्यात खालचे पडीक वाफे. तिथे भात लावायला माणूस उरलेलं नाही, लावू देत पाम. पिठाच्या हाताने सही केली. आपण मुंबईवाले गावच्या कागदावर अशाच सह्या करत आलो.

मे महिन्यात गावी गेले तर विहिरीच्या वर करवतीचं मशीन वाजतंय. तुझ्या रानातली ऐनाची चार मोठी झाडं आडवी पडलेली. मी तिथेच तोंड सोडलं. "दादा, फसयलंस माका!" सगळी वाडी जमली.

दादा मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणाला, "तुझ्या कढयेत खयचा त्याल आसता, ता सांग आधी."

पामचंच. तळते मी त्यातच. ते तेल कुठल्या मुलखात, कुणाचं रान पाडून येतं, हे मी कधी विचारलं नव्हतं. शेतीखात्याची एक मुलगी पाहणीला आली होती, ती मधे पडली. "मावशी, पाम लावा, पण वाफ्यांत. झाडाला पाणी फार लागतं. वरचं रान पाडलंत तर झरा जाईल, मग पाणी कुठून घालाल?" दादाने मशीन थांबवलं. कागद नव्याने झाला. पाम फक्त वाफ्यांत. झाडं लहान आहेत तोवर मधे केळी आणि हळद. छाटलेल्या झावळ्या जाळायच्या नाहीत, बुंध्याशीच कुजू द्यायच्या. झऱ्याचं पाणी वाहतं त्या व्हाळाच्या काठाला हात लावायचा नाही. सगळे खड्डे दादाने खणले. फळ यायला अजून तीनचार वर्षं आहेत, आणि घड उतरला की त्याच दिवशी कारखान्यात पोचवायला हवा, नाहीतर तेल बिघडतं. ती धावपळही त्याच्याच गळ्यात.

रान उभं आहे, आये. चार ऐन गेले ते गेले. वाडी म्हणते, मुंबयच्या बायन रान वाचवलान. दादाला गणपतीच्या आरतीला कुणी पुढे बोलवलं नाही. बहिणीला फसवणारा म्हणतात त्याला. तो ऐकतो आणि खालच्या वाफ्यात जाऊन रोपांना पाणी घालतो.

त्या दिवशी केंद्रात कागद पुढे करताना तो दोनदा म्हणाला होता, "बाय, वाचून बघ. वरचा रानपण आसा त्यात." मी म्हटलं, "माका डबे भरूचे आसत," आणि सही केली.

हे त्याला माहीत आहे आणि मला. त्याने अजून कुणाला सांगितलेलं नाही. मीही नाही. हे पत्र काही कुठे जायचं नाही. खरं सांगायला फोन गावी लावायला हवा होता. तू उलटून काही बोलायची नाहीस, म्हणून तुला लिहीत बसले.